“उद्यापासून येऊ नका” एवढ्यावर ११ वर्षांची नोकरी जाते का?

रेणुका_वर्धा | १५ मार्च २०२६, रात्री ९:१०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, ११ वर्षं फिटर आहेत. हंगामात रेचे (सरकी काढायची यंत्रं) चालू असले की रात्रपाळी, दिवसपाळी, कधी दोन्ही. कापूस संपला की बाकीची माणसं घरी जातात, पण बाबांना ठेवून घेतात. रोलर काढायचे, पट्टे बदलायचे, प्रेस खोलून साफ करायची, हे सगळं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चालतं. म्हणजे काम बाराही महिने.

या जानेवारीत बाबा आणि आणखी चार जणांनी ओव्हरटाइमचा हिशेब मागितला आणि पीएफ किती जमा झाला तेही विचारलं. शांतपणे विचारलं, भांडण नाही. धुळवडीनंतरच्या आठवड्यात, १० तारखेला, पाळी सुटताना दिवाणजींनी फाटकाशी बोलावून सांगितलं, “शेठ म्हणतात उद्यापासून येऊ नका. हंगाम संपला.” लेखी काही नाही. मागच्या दिवाळीत लागलेली दोन पोरं मात्र आजही कामावर आहेत.

काल घरी एक माणूस इंग्रजीत टाइप केलेला कागद घेऊन आला. सही करा, १५ हजार घ्या. बाबांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं आणि कागद परत दिला. पगार महिन्याला १४,२०० आहे, काही बँकेत, काही रोख.

बाबा म्हणतात, जाऊ दे, गावात राहायचं आहे, शेठशी वाकडं कशाला. आई दोन दिवस जेवली नाही. असं तोंडी काढता येतं का, आणि नसेल तर पहिल्यांदा कुठं जायचं, एवढंच मला विचारायचं आहे.

पळसफूल | १५ मार्च, रात्री ९:२५

सही करू नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण सही अजिबात करू नका.

बंडूभाऊ_आर्वी | १५ मार्च, रात्री ९:५२

पोरी, तुह्या बाबाले सांग का चष्म्याचं कारण एकडाव चालते, दुसऱ्यांदा नाई. दुसऱ्यांदा कागद आला तर म्हणाव फोटो काढून घेतो, पोरीले दाखवतो, मंग पाहू. फोटो काढू देत नसन तर समजून जाय त्यात काय लिहिलं हाय थे.

काळाकोट | १५ मार्च, रात्री ११:३०

रेणुका, मी अमरावतीला कामगारांच्या बाजूनं वकिली करतो. सविस्तर लिहितो, बाबांना वाचून दाखव.

नोकरी तोंडी बोलल्यानं जात नाही. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं असेल तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि औद्योगिक संबंध संहितेतही हीच अट कायम आहे. कायदा बदलला, आता काही मिळत नाही, असं कुणी फाटकावर सांगितलं तर ते खोटं आहे.

“सलग वर्ष” याचा अर्थ बारा महिन्यांत २४० दिवस काम. ३६५ नाही. भरपगारी रविवार आणि सुट्ट्या यांत धरायच्या, सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच तसं सांगितलं आहे. रविवारचा पगार मिळत नसेल तर मात्र तो धरता येणार नाही.

गैरवर्तनाचा आरोप ठेवून काढत असतील तर आरोपपत्र आणि चौकशी हवी, बाजू मांडायची संधी हवी. डी. के. यादव प्रकरणात (१९९३) गैरहजर राहिला म्हणून चौकशीशिवाय काढलेल्या कामगाराला सर्वोच्च न्यायालयानं परत कामावर घ्यायला लावलं. उद्या जिनवाले “तोच यायचा बंद झाला” असं म्हणतील, ९० टक्के प्रकरणांत हाच बचाव माझ्यासमोर येतो. म्हणून उद्याच रजिस्टर पोस्टानं मराठीत चार ओळी पाठवा: १० मार्चला मला तोंडी मनाई केली, मी कामावर यायला तयार आहे, रुजू करून घ्या. पोचपावती जपून ठेवा.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज. ते दोघांना बोलावून समेटाचा प्रयत्न करतात. ४५ दिवसांत मिटलं नाही तर कामगाराला स्वतः थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, सरकारनं प्रकरण पाठवायची वाट बघावी लागत नाही. यासाठी जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, संहितेत दोन. पण महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा कायदा आहे, त्यात तक्रारीला ९० दिवसच असतात, आणि हक्क मागितला म्हणून सूड उगवून काढणं त्यात थेट बसतं. तू ९० दिवस हीच मुदत धर. १० मार्चपासून मोजलं तर ८ जून.

दालमिल_खामगाव | १६ मार्च, सकाळी ८:१५

दुसरी बाजूही कुणी मांडायला हवी. माझी स्वतःची छोटी दालमिल आहे. १४ माणसं. हंगामी धंद्यात माल आला तर काम, नाही आला तर मशीन बंद, पण बँकेचं व्याज चालूच. डिसेंबरात दुसऱ्या मिलनं ३० रुपये जास्त दिले तर माझाच माणूस न सांगता निघून जातो, तो मला कुठली नोटीस देतो? हंगाम संपल्यावर माणसं कमी करणं म्हणजे अन्याय, असं सरसकट म्हणू नका. जिनमध्ये कापूसच उरला नसेल तर मालकानं काय करायचं?

गठाण | १६ मार्च, सकाळी ९:४०

@दालमिल, कापूस संपला म्हणून हमाल आणि रेच्यावरच्या बाया घरी गेल्या तर कुणी धागा काढला नसता. पण फिटरचं खरं काम कापूस संपल्यावरच सुरू होतं. मी सहा वर्षं प्रेसवर होतो, गठाणी बांधल्यात. चालू हंगामात मशीन खोलता येत नाही, तेव्हा नुसतं ठोकून-ठाकून चालवायचं. एप्रिलनंतर रोलर उतरवतात. तेव्हा फिटर नको आणि दिवाळीतली पोरं हवी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

काळाकोट | १६ मार्च, सकाळी १०:०५

गठाण यांनी मर्मावर बोट ठेवलं. एकाच प्रकारच्या कामात माणसं कमी करायची तर शेवटी आलेला आधी जातो, असा नियम आहे. तो मोडायचा असेल तर मालकानं कारण नोंदवायला हवं. रेणुका, ती दोन पोरंही फिटरच्याच कामावर आहेत का, ते नीट विचारून घे.

दालमिल_खामगाव | १६ मार्च, सकाळी ११:२०

नवीन पोरं ठेवून जुना माणूस काढला, ही ओळ माझ्या वाचण्यातून निसटली होती. तसं असेल तर मी त्या मालकाच्या बाजूनं बोलणार नाही. माझ्याकडचा जुना मिस्त्री १९ वर्षांचा आहे, तो गेला तर माझी मिल तीन दिवसांत बंद पडेल. पण गावाकडच्या धंद्याची ओढाताण खरी आहे, ते म्हणणं मी मागे घेत नाही.

बंडूभाऊ_आर्वी | १६ मार्च, दुपारी १:४५

आता माहं सांगतो. कोनाले भेव दाखवाले नाई, पोरीच्या कामात पडन म्हणून.

मी एका ठिकाणी ९ वर्स चौकीदार होतो. नाव घेत नाई. असंच तोंडी काढलं. मी केस टाकली. सात वर्स चालली. तारखेले जायचं म्हणजे यष्टीचं तिकीट, दिवसाची मजुरी बुडे, वावरातलं काम राहे. साहेबानं इचारलं, २४० दिवस भरले याचा पुरावा काय? मी म्हणलं साहेब, रोज रात्री मीच तर कुलूप लावत होतो. थे म्हणे कागद दाखवा. माह्याजवळ काय होतं? एक टॉर्च होता त्यांनी देल्लेला, अन् काठी. हजेरीबुक त्यांच्याजवळ. त्यांनी आणलं त्यात माहं नावच नाई. हरलो.

म्हणून पोरी, कोर्टात जायच्या आंधी घरात हुडक. बाबाचं नाव असलेला एक एक चिठोरा हुडक.

काळाकोट | १६ मार्च, दुपारी २:३०

बंडूभाऊ, तुमचं वाचून जीव तुटला. २४० दिवस सिद्ध करायची जबाबदारी आधी कामगारावर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं हदिमनी प्रकरणात (२००२) स्पष्ट केलं. नुसतं शपथपत्र पुरत नाही. पण नंतर यल्लट्टी प्रकरणात असंही आलं की कामगारानं शपथेवर सांगितलं आणि मस्टर (हजेरीबुक), पगारपत्रक हजर करायची मागणी केली, तर मालकाला गप्प बसता येत नाही. ही मागणी लेखी अर्जानं आणि वेळेवर करावी लागते. बऱ्याच ठिकाणी तो अर्जच केला जात नाही. तुमच्या वेळी केला होता का?

बंडूभाऊ_आर्वी | १६ मार्च, दुपारी ३:००

नाई. कोनी सांगतलंच नाई.

शेवंती | १६ मार्च, सायं. ६:१०

थोडं विषयांतर. मी एका विनाअनुदानित शाळेत आठ वर्षं शिकवलं. जूनमध्ये हजेरीपटावर माझं नावच नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, संस्थेला विचारा. संस्था म्हणाली, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर वकिलाकडे गेले तेव्हा कळलं की खाजगी शाळांचा १९७७ चा वेगळा कायदा आहे आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपील ३० दिवसांत करायचं असतं. उशीर माफ करण्याचा अर्ज केला, त्यावरच वर्ष गेलं.

इथं कुणी शिक्षक वाचत असतील तर एवढं लक्षात ठेवा, “बघू” या शब्दावर एक महिनासुद्धा थांबू नका. दीपाली सुरवसे यांच्या प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयानं एका शिक्षिकेला मागचा पूर्ण पगार मिळवून दिला, त्या महाराष्ट्रातल्याच. त्यांचा निकाल मी छापून घरात ठेवला आहे.

बुटीबोरी_शिफ्ट | १६ मार्च, रात्री ८:४५

आमच्याकडे एमआयडीसीत ठेकेदारीचं दुखणं. जागा तीच, मशीन तेच, सुपरवायझर तोच, दरवर्षी फक्त ठेकेदाराचं नाव बदलतं. सात वर्षांत मी चार ठेकेदारांचा माणूस झालो. पण यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) एकच ठेवला होता, त्यामुळे पीएफच्या पासबुकात सगळं सलग दिसतं. रेणुका, बाबांचा यूएएन मोबाइलवर उघड, महिन्यामहिन्याचा भरणा दिसेल. न्यायालयात याच्याइतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो. आणि “सोडल्याची तारीख” कुणी गुपचूप टाकली आहे का तेही बघ. माझ्या मित्राची राजीनामा म्हणून टाकली होती.

रेणुका_वर्धा | १७ मार्च, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. बंडूभाऊंचं वाचताना ते उठून अंगणात गेले.

पासबुक उघडलं. पीएफ फक्त २०१९ पासून दिसतो आणि त्यातही दरवर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोरं आहे. म्हणजे कागदावर बाबा हंगामी, प्रत्यक्षात बारमाही. हे बघून मला रडूच आलं.

पण बंडूभाऊ, तुम्ही म्हणालात तसं घर हुडकलं. आई दरवर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर फेकत नाही, गादीखाली ठेवते. त्यावर ती दुधाचा हिशेब लिहिते. बाबा रात्रपाळीला गेले की घरी अर्धा लिटर कमी लागतं, म्हणून त्या तारखेच्या चौकटीत “रा” लिहिलेलं आहे. दिवसपाळीला डबा न्यायचा तर “ड”. घरी असले तर काहीच नाही. सात वर्षांची कॅलेंडरं निघाली. २०२१ चं उंदरांनी कुरतडलंय, एप्रिलचं पान अर्धं गेलंय. मी आणि आईनं बसून मागच्या वर्षीचे “रा” आणि “ड” मोजले. २९१ निघाले. जून ते ऑक्टोबरचे धरून.

हे चालेल का?

गठाण | १७ मार्च, रात्री १०:३२

माय भारी आहे तुझी!

पळसफूल | १७ मार्च, रात्री १०:४०

केस जिंकलात तर पहिला पेढा गवळीदादाला द्या. अर्धा लिटर कमी केलं म्हणून किती वेळा कुरकुरले असतील.

काळाकोट | १७ मार्च, रात्री ११:१५

एकट्या कॅलेंडरवर निकाल लागणार नाही, ते घरचं लिखाण आहे, समोरचा वकील म्हणेल काल रात्री बसून लिहिलं. पण आधाराला ते मोलाचं आहे. शाई वेगवेगळी, अक्षर एकच, मध्ये पाहुण्यांची आणि डॉक्टरची नोंद, असं सात वर्षांचं लिखाण बनावट वाटत नाही. आईंना साक्ष द्यावी लागेल, त्यांना आत्तापासून धीर दे. त्यावर आता एक अक्षरही नवीन लिहू नका, मोजणी वेगळ्या कागदावर करा. गवळ्याची वही असेल तर तीही बघ, दोन्ही जुळल्या तर फार बळ येईल. जून ते ऑक्टोबरात बँकेत पगाराची एखादी तरी रक्कम आली आहे का? मोबाइलवर दिवाणजींचे “उद्या लवकर या” असे संदेश? सुटे भाग आणायला बाबांना पाठवलं असेल तर दुकानाच्या बिलावर सही?

कामगाराला मोफत कायदेशीर मदतही मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बंडूभाऊंसारखं घर विकून तारखा करायची गरज नाही.

बंडूभाऊ_आर्वी | १८ मार्च, सकाळी ७:०५

घर नाई विकलं साहेब, एक बैल विकला. पण बरोबर हाय तुमचं.

निर्मळ | १८ मार्च, दुपारी १२:३०

मी पगारपत्रकाचं काम करते, म्हणून १५ हजार म्हणजे किती कमी ते दाखवते. पूर्ण १४,२०० हा मूळ पगार आणि महागाई भत्ता आहे असं धरलं आहे.

नोटिशीचा एक महिना: १४,२००. भरपाई वर्षाला १५ दिवस, म्हणजे साधारण ७,१०० गुणिले ११: ७८,१००. ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल मिळणारी रक्कम) वेगळी, १४,२०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११: सुमारे ९०,११५. तिन्ही मिळून १ लाख ८२ हजारांच्या वर. थकलेला ओव्हरटाइम आणि न भरलेला पीएफ यात धरलेला नाही.

आता बघा “हंगामी” या शब्दाची किंमत. हंगामी आस्थापनेत वर्षभर नसलेल्या कामगाराला ग्रॅच्युइटी हंगामामागे ७ दिवसांची मिळते. मग तीच रक्कम ४२ हजारांवर येते. जून ते ऑक्टोबर कोरं ठेवण्यामागे हे गणित असतं.

नव्या संहितेत आणखी एक आहे, काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा.

दालमिल_खामगाव | १८ मार्च, दुपारी ४:००

निर्मळ यांचा हिशेब वाचून मी माझ्या मुनीमाला बोलावलं. माझ्याकडे सहा जणांना नियुक्तिपत्र दिलेलं नाही. आता सगळ्यांनाच द्यावं लागतं असं तोही म्हणाला. या महिन्यात देतो. इथं लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

शेवंती | १८ मार्च, सायं. ५:२०

दालमिलदादा, हे वाचून बरं वाटलं. पण रेणुकाच्या बाबांचा खरा प्रश्न राहूनच गेला. ते म्हणाले, गावात राहायचं आहे. शेठच्या काट्यावरच सगळ्यांचा कापूस जातो, उद्या यांच्याच वावरातला कापूस ओला म्हणून परत पाठवला तर? कलमं सगळी पाठ झाली तरी ही भीती जात नाही. मला माझ्याच आळीत संस्थेच्या लोकांनी वर्षभर लग्नाकार्याला बोलावलं नव्हतं.

गठाण | १८ मार्च, रात्री ९:००

म्हणूनच एकट्यानं जायचं नाही. पीएफ विचारणारे पाच जण होते ना? बाकी चौघांचं काय झालं? पाचही जणांनी एकाच दिवशी अर्ज दिला तर कोणाचा कापूस परत करणार?

रेणुका_वर्धा | १९ मार्च, सकाळी ८:३०

आज गुढीपाडवा, सगळ्यांना शुभेच्छा. चौघांपैकी दोघं पुन्हा कामावर घेतले, ते आता बोलत नाहीत. त्यांना दोष देत नाही, त्यांचीही लेकरं आहेत. एक बाबांसोबत अर्ज द्यायला तयार आहे. चौथा गाव सोडून गेला.

पत्र रजिस्टरनं गेलं. सोमवारी २३ तारखेला कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज देणार. शेवंतीताई, तुम्ही लिहिलेलं बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “कापूस पुलगावले नेऊ.”

रेणुका_वर्धा | १२ मे, रात्री ९:४५

धागा वर काढते आहे, बऱ्याच जणांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं होतं.

दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला जिनकडून कुणीच आलं नाही. दुसऱ्या तारखेला त्यांचा माणूस वकील घेऊन आला. म्हणणं काळाकोट सरांनी सांगितलं तेच, शब्दाशब्दानं: आम्ही काढलं नाही, तेच यायचे बंद झाले. मग बाबांनी पोस्टाची पोचपावती पुढे केली. अधिकारी बाईंनी विचारलं, हे पत्र मिळालं तर रुजू का करून घेतलं नाही? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर म्हणाले, दिवाळीला हंगाम सुरू झाला की घेऊ, नवीन माणूस म्हणून. बाबा म्हणाले, ११ वर्षं अखंड लिहून द्या, लगेच येतो. ते तयार झाले नाहीत. ७ मे ला ४५ दिवस पूर्ण झाले. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या आहेत, ८ जूनच्या आत तक्रार दाखल होईल. मस्टर हजर करायचा अर्ज त्यांनी पहिल्याच दिवशीचा तयार ठेवला आहे. बंडूभाऊ, तो अर्ज तुमच्यामुळे. गवळीकाकांच्या चार वर्षांच्या वह्या मिळाल्या, तीन आईच्या कॅलेंडरशी जुळतात.

एक अडचण आहे. उन्हाळ्यात बाबांसोबत मशीन खोलायला असलेला चौथा माणूस हवा आहे, जूनमध्ये काम चालत होतं हे त्यानंच डोळ्यांनी पाहिलंय. तो पांढरकवड्याकडे कुठंतरी जिनमध्ये लागलाय असं ऐकलं. नाव इथं लिहीत नाही. डाव्या हाताची करंगळी पट्ट्यात गेलेली आहे. कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.

निर्मळ | १२ मे, रात्री १०:०५

आईंची तब्येत कशी आहे?

रेणुका_वर्धा | १२ मे, रात्री १०:१२

जेवते आता. २०२६ च्या कॅलेंडरवर ११ मार्चपासून रोज “घरी” लिहिते.

गठाण | १३ मे, सकाळी ६:५०

रेणुका, व्यनि बघ. करंगळीवाला माझ्या सोबत गठाणी बांधायला होता. रात्री फोनवर बोललो. तो म्हणतो तारीख सांगा, येतो.